बागेसाठी काय मागावं? आधी सावली मागा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या उपनगरात उद्यानासाठी आरक्षित असलेला सव्वा एकराचा भूखंड अखेर महापालिकेच्या ताब्यात आला आहे. पहिल्या आराखड्यात कारंजं, ओपन जिम, रबरी जॉगिंग ट्रॅक, मोठी कमान आणि सेल्फी पॉइंट आहे. आजूबाजूला सोसायट्या आहेत, मागच्या बाजूला वस्ती आहे, ज्येष्ठ मंडळी बरीच आहेत. लोकांच्या तब्येतीला खरोखर उपयोग व्हायचा असेल, तर नागरिकांनी काय मागणी करावी? आणि हिरवळीनं मनालाही बरं वाटतं, हे खरं का?

उद्यानांची आखणी आणि देखभाल हेच माझं काम, त्यामुळे पाल्हाळ न लावता सांगतो. आधी सावली मागा. मग सलग, सपाट वाट. मग चालू स्थितीतलं स्वच्छतागृह, पाठ टेकता येईल अशी बाकं आणि दिवसभर उघडं राहणारं फाटक. हे सगळं मिळून पैसे उरले, तर बाकीच्या गोष्टींचा विचार करा.

या क्रमामागचा हिशोब सांगतो. पहाटे उठून वेताळ टेकडीला किंवा तळजाईला जाणारा माणूस तुमची बाग झाली नाही तरी चालणारच आहे. त्याच्या तब्येतीत तुमच्या बागेनं फारशी भर पडत नाही. भर पडते ती आज जे चालतच नाहीत त्यांच्यामुळे. शुगरचा रिपोर्ट हातात घेऊन ‘डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, पण कुठे चालू?’ असं विचारणाऱ्या काकू. गुडघे दुखतात म्हणून जिन्याखाली न उतरणारे आजोबा. शाळेतून आल्यावर मोबाइल घेऊन बसणारं पोर. वस्तीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत बाळंतपणानंतर दिवसभर कोंडलेली मुलगी. ही माणसं बागेपर्यंत आली, अर्धा तास थांबली आणि उद्या पुन्हा आली, तरच बाग आरोग्याची झाली. म्हणून आराखड्यातल्या प्रत्येक बाबीला एकच प्रश्न विचारायचा: यामुळे न येणारा माणूस येईल का, आणि आलेला थांबेल का? कमानीमुळे कुणी थांबत नाही.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम गतीच्या हालचालीची शिफारस करते. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालणं. तुमचा भूखंड साधारण ५० मीटर बाय १०० मीटर धरला, तर कडेनं आतून अडीचशे मीटरच्या आसपास फेरी निघते. दहा फेऱ्या म्हणजे अडीच किलोमीटर, बरोबर अर्ध्या तासाचं काम. एवढ्याशा जागेत हे बसतं, फक्त ती फेरी कुठे तुटता कामा नये. वाटेत कारंजं, कमान, पुतळ्याचा चौथरा आला की फेरी तुटते आणि लोक दोन-चार चकरांत कंटाळतात.

जागेचा दुसरा हिशोबही मांडून घ्या. याच संघटनेच्या युरोप विभागानं सुचवलेलं माप असं की, घरापासून ३०० मीटरच्या आत किमान अर्धा ते एक हेक्टर हिरवी सार्वजनिक जागा असावी. तुमचा सव्वा एकर म्हणजे जेमतेम अर्धा हेक्टर, किमान मर्यादेवरच. केंद्र सरकारच्या २०१४च्या नगरविकास मार्गदर्शिकेत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा धरली आहे. त्या मापानं तुमची बाग चारशे-पाचशे माणसांना पुरते, आणि तिच्या ३०० मीटरच्या परिघात काही हजार माणसं राहत असणार. म्हणजे इथे एकही चौरस मीटर शोभेसाठी वाया घालवायची सोय नाही. मोठ्या बागेत कारंजं चालतं, तुमच्याकडे ते कुणाची तरी बसायची जागा खाऊन उभं राहील.

आता सावलीबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. एप्रिलमध्ये संध्याकाळी पाच वाजता कुठल्याही नव्या बागेत जाऊन बघा. लोक पूर्ण फेरी मारत नाहीत. शेजारच्या इमारतीची सावली जिथे पडते तेवढ्याच पट्ट्यात जा-ये करतात, घसरगुंडीला हात लावून मुलं मागे फिरतात आणि उन्हातली बाकं रिकामी असतात. मार्च ते मे, आणि पुन्हा ऑक्टोबर, असे चार महिने सावलीवाचून बाग फक्त पहाटे आणि अंधार पडल्यावर वापरात असते. त्या वेळा घरातल्या बायकांना सोयीच्या नसतात: पहाटे डबे आणि पाणी, रात्री स्वयंपाक.

आराखड्यात ‘वृक्षारोपण’ असा एक शब्द लिहिलेला असतो आणि झाडं शेवटी ठेकेदाराला स्वस्तात मिळतील ती लागतात. तुम्ही झाडांची नावं मागा. सावलीचं झाड निवडताना ते उन्हाळ्यात कसं दिसतं हे बघायचं असतं. बहावा फुलतो तेव्हा डोळ्याचं पारणं फिटतं, पण नेमका एप्रिल-मेमध्ये त्याला पानं जेमतेम असतात. गुलमोहराचंही तेच, शिवाय त्याचं लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ, त्यामुळे वळवाच्या वाऱ्यात फांद्या पडतात. शिरीष फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडा पडतो. ही झाडं लावू नका असं नाही, बागेच्या कोपऱ्यात, गवतावर लावा. पण चालायच्या वाटेवर आणि बाकांवर करंज, कडुनिंब, पुत्रंजीवा, बकुळ, चिंच यांचाच विचार करा. करंज तर ऐन उन्हाळ्यात कोवळ्या, चमकदार पानांनी भरतो, आणि त्याच्याखाली उभं राहिलं की उन्हाची झळ एकदम कमी झाल्याचं अंगाला कळतं. कडुनिंब पानं गाळतो, पण एप्रिलपर्यंत पुन्हा भरून येतो. जांभूळ चांगली सावली देतं, पण वाटेवर नको. जूनमध्ये फळांचा सडा पडतो आणि ज्येष्ठ माणसं घसरतात. वड, पिंपळ, उंबर यांपैकी एक तरी हवंच, पण एकच, आणि त्याला मोठी मोकळी जागा ठेवून. त्याच्यावर पक्षी येतात, आणि पक्षी आले की मुलं थांबतात.

वाटेच्या दोन्ही बाजूंना आठ ते दहा मीटर अंतरावर मोठी झाडं लावली, तर दहा-बारा वर्षांत फांद्या एकमेकांत जातात. तोवर काय? तोवर बाकांवर मांडव घाला आणि त्यावर मधुमालती, जाईजुई चढवा. दोन पावसाळ्यांत वेल मांडव भरून टाकतात. आणि भूखंडावर आज जी झाडं उभी आहेत त्यांची आधी नोंद करून घ्या. सपाटीकरणाच्या नावाखाली वीस-पंचवीस वर्षांचं झाड पाडून त्याजागी कमरेएवढं रोप लावणं यासारखं नुकसान नाही. शहरी भागात झाड तोडायला १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांच्या पुढच्या झाडाला वारसावृक्षाचं वेगळं संरक्षण आहे. ही यादी तुमच्या हातात असली की साइटवर बोलणं सोपं जातं.

झाडाभोवतीची जमीन उघडी ठेवा. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक भिडवायची आपल्याकडे फार वाईट सवय लागली आहे. पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही, मग मुळं वरच्या वर पसरतात, ब्लॉक उचकटतात आणि एखाद्या पावसाळ्यात झाडच आडवं होतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं, तो दाखला देता येईल. पाराबाबतही असंच. पार ही आपली मूळची, फार शहाणी बसायची जागा आहे. पण आता पार बांधतात आणि त्यात दोन-तीन फूट मातीची भर घालतात. बुंधा गाडला गेला की साल कुजते, आणि चार-पाच वर्षांनी वरची फांदी वाळायला लागते तेव्हा कारण कुणाच्या लक्षात येत नाही. पार बांधायचा तर बुंध्यापासून लांब, आतली माती मूळ पातळीलाच ठेवून.

वाट किमान दोन मीटर रुंद हवी. दोघी मैत्रिणी बोलत चालल्या आणि समोरून व्हीलचेअर आली तरी कुणाला थांबावं लागू नये. बोलत चालणं महत्त्वाचं आहे, कारण चालायला जोडीदार असला की माणूस पावसाळ्यातही खाडा करत नाही. वाटेवर पायऱ्या नकोत, चढ असलाच तर वीस फुटांत एक फुटापेक्षा जास्त नको. पृष्ठभाग दगडाची कच टाकून रोलर फिरवलेला किंवा झाडू ओढून खरखरीत केलेल्या काँक्रीटचा चालेल. चकचकीत टाइल अजिबात नको. जुलै-ऑगस्टमध्ये त्यावर शेवाळ धरतं, आणि सत्तरीतल्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं की पुढचं सगळं अवघड होऊन बसतं. गडद रंगाचा रबरी ट्रॅक उन्हात तापतो, त्याचे सांधे उचलले की पाय अडकतो, आणि दुरुस्तीला वेगळा ठेकेदार लागतो.

बाकांना पाठ आणि दोन्ही बाजूंना हात हवेत. हातांवर जोर देऊन उठता आलं नाही, तर गुडघेदुखीचा माणूस बसतच नाही, आणि मध्ये बसायची खात्री नसेल तर चालायलाही बाहेर पडत नाही. बसायची उंची दीड फूट. दर पन्नास पावलांवर एक बाक, तोही सावलीत. काही बाकं समोरासमोर ठेवा, सगळी एका रांगेत नकोत.

स्वच्छतागृह नाही म्हणून बायका घरून पाणी न पिता बागेत येतात, किंवा येतच नाहीत. मधुमेह असलेल्यांना वारंवार लघवीला जावं लागतं, प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांचंही तेच. म्हणजे ज्यांना चालण्याचा सर्वांत जास्त फायदा, नेमकी तीच माणसं या एका गोष्टीमुळे घरी बसतात. आराखड्यात स्वच्छतागृह असतंच, पण त्याला कुलूप असतं. म्हणून नुसती इमारत मागू नका. पाण्याचं कनेक्शन, आतला दिवा आणि दिवसातून दोनदा साफसफाई हे निविदेत लिहून मागा.

ओपन जिमला माझा सरसकट विरोध नाही. तरुणांना आणि बऱ्याच बायकांना ती आवडते, फुकट आहे, आणि तिच्यामुळे लोक एकत्र येतात. पण आधी ती सावलीत हवी, कारण दुपारी चारला लोखंडाला हात लावता येत नाही. शिवाय बेअरिंग आणि वेल्डिंगची देखभाल कोण करणार हे ठरलेलं हवं. चार-पाच साधी उपकरणं पुरेत. पैसे कमी असतील तर दोन उंचीचे आडवे बार आणि तोल सांभाळायच्या सरावासाठी एक धरायचा कठडा एवढं केलं तरी ज्येष्ठांना मोठा उपयोग होतो.

कारंज्याबद्दल मात्र ठाम सांगतो: नको. पहिलं वर्ष ते चालतं, मग पंप बंद पडतो आणि हौदात पाणी साचून राहतं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साचलेल्या, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि पाणी आटलं तरी हौदाच्या कडेला चिकटलेली अंडी कित्येक महिने टिकतात. आरोग्यासाठी केलेल्या बागेतून डेंग्यू घेऊन घरी जायची वेळ लोकांवर येऊ नये. पाणी हवंच असेल तर उथळ कुंडं पक्ष्यांसाठी ठेवा, आणि माळीदादांनी आठवड्यातून एकदा ती घासून कोरडी करायची. नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही, कड घासावी लागते.

आता फाटक. आपल्याकडच्या बऱ्याच बागा सकाळी दहा-अकराला बंद होतात त्या चार-साडेचारला उघडतात. नेमक्या त्याच वेळात शहर सर्वांत जास्त तापलेलं असतं. मधल्या वेळेत कुलूप लावलेल्या फाटकाबाहेर, पदपथाच्या कडेला, धुणीभांडी करणाऱ्या बायका दोन घरांच्या मधली सुटी काढत बसलेल्या असतात. आत करंजाच्या सावलीत बाकं रिकामी असतात. डिलिव्हरीची मुलं, सुरक्षारक्षक, अभ्यासिकेतली पोरं, यांना दुपारी कुठे टेकायचं? अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, त्यानंतर देशातल्या अनेक शहरांनी तसे आराखडे केले, आणि दुपारी सावलीची सार्वजनिक जागा उपलब्ध असणं हा उष्माघात टाळण्याचाच भाग आहे. ‘दुपारी टवाळखोर येतात’ हे कारण तुम्हाला सांगितलं जाईल. ओस पडलेल्या जागेतच तसे प्रकार होतात, चार बायका आणि दोन आजोबा बसलेले असले की होत नाहीत. दुपारच्या पाळीला एक रखवालदार मागा, आणि मार्च ते मे प्रयोग म्हणून सुरू करा म्हणा. प्रयोगाला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

कुंपण जाळीचं, आरपार दिसणारं हवं. उंच भिंत आणि डोक्याएवढी मेंदी यांच्यामागे संध्याकाळी एकटी बाई चालायला धजत नाही. कुंपणाची झुडपं गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका. आणि वस्तीच्या बाजूला एक छोटं फाटक नक्की ठेवा. सोसायटीच्या बाजूनं एकच कमान असेल, तर मागच्या लोकांना अर्धा किलोमीटर वळसा पडतो, आणि बाग ‘आपली नाही’ हा निरोप न सांगताच पोहोचतो. सर्वांत कमी जागेत राहणाऱ्या माणसाला या बागेची सर्वांत जास्त गरज आहे. या एका फाटकासाठी भांडावं लागलं तरी भांडा.

हिरवळीनं मनाला बरं वाटतं हे खरं आहे का, असंही तुम्ही विचारलं आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात ५४१ पडीक भूखंडांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे भूखंड तीन गटांत वाटले. एका गटात कचरा काढून, जमीन सारखी करून गवत आणि थोडी झाडं लावली, आत शिरायला वाट ठेवून बुटकं लाकडी कुंपण घातलं आणि नियमित देखभाल केली. दुसऱ्या गटात फक्त कचरा उचलला. तिसरा गट तसाच ठेवला. हिरव्या केलेल्या भूखंडांशेजारी राहणाऱ्यांत उदास वाटण्याचं प्रमाण, काहीच न केलेल्या भूखंडांशेजारच्या लोकांच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. नुसता कचरा उचलल्यानं तसा ठळक फरक दिसला नाही. मला या प्रयोगाचं मोल वाटतं ते दोन गोष्टींसाठी: काम अगदी साधं होतं, आणि देखभाल हा उपचाराचाच भाग धरला होता. इंग्लंडमधल्या २०१९च्या एका मोठ्या पाहणीत आठवड्याला एकूण दोन तास निसर्गात घालवणाऱ्या लोकांनी तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. पण तिथे जपून बोलायला हवं, कारण मुळात तब्येत बरी असलेला माणूसच जास्त बाहेर पडतो. बाग म्हणजे औषध नव्हे. गोळ्या चालू ठेवायच्या आणि बागेतही यायचं.

बागांचा आरोग्याशी संबंध आपल्याकडे नवा नाही, हे सभेत जरूर सांगा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, त्यातून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि दाटीवाटीच्या चाळींवर उतारा म्हणून दादर-माटुंग्याची वसाहत रुंद रस्ते आणि मोकळ्या जागा सोडून आखली गेली. आजच्या फाइव्ह गार्डन्स त्यातल्याच. साथ येऊन गेल्यावर त्या काळच्या लोकांना हवा-उजेडाची किंमत कळली होती. आणि धारावीला लागून असलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान तर शहराच्या कचराभूमीवर उभं आहे, ३७ एकरांचं. तिथे आज दाट झाडी आहे. तेव्हा तुमच्या भूखंडात राडारोडा पडला आहे, जमीन खराब आहे, हे कारण कुणी पुढे केलं तर ऐकून घेऊ नका.

ज्या झाडाझुडपांनी त्रास होतो त्यांचंही बघून घ्या. गाजर गवत १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं. त्याच्या स्पर्शानं त्वचेला खाज-पुरळ येतं आणि परागकणांनी शिंका आणि दमा वाढतो. ते फुलण्याआधी, पावसाळ्यातच, हातमोजे घालून मुळासकट उपटावं लागतं. सप्तपर्णी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुलली की तिच्या उग्र वासानं अनेकांचं डोकं धरतं, म्हणून घरांच्या खिडक्यांजवळ नको. कोनोकार्पस हे परदेशी शोभेचं झाड तर लावूच देऊ नका. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये आरोग्य आणि पर्यावरणाच्या कारणानं त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आणि पालापाचोळा जाळायचा नाही. कोपऱ्यात दोन खड्डे करून त्याचं खत करायचं.

मागणी कशी करायची, हे शेवटी सांगतो. सभेत ‘आम्हाला वाटतं’ म्हणण्यापेक्षा मोजणी घेऊन जा. जवळच्या चालू असलेल्या बागेच्या फाटकाशी एक कामाचा दिवस आणि एक रविवार, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी एकेक तास बसा. आत येणाऱ्यांत बायका किती, साठीपुढचे किती, मुलं किती, कोण कुठे बसतं, दहा मिनिटांत कोण परत जातं, हे वहीत लिहा. त्यासोबत वस्तीतल्या बायकांशी बोला, त्या येत नसतील तर का, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. हे कागद घेऊन क्षेत्रीय कार्यालयात आणि उद्यान अधीक्षकांकडे जा. पुण्यात २००६ पासून नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकात कामं सुचवता येतात, त्या मुदतीत बाकं, फाटक, दिवे अशी छोटी कामं वेगवेगळी लिहून द्या, एकगठ्ठा नको.

आणि निविदा निघण्यापूर्वी तीन गोष्टी तिच्यात आल्या आहेत ना ते बघा: झाडांची नावानिशी यादी आणि लावतानाची किमान उंची, ठिबक सिंचनासह पाच वर्षांची देखभाल, आणि मेलेल्या झाडाच्या जागी पुढच्या पावसाळ्याच्या आत तसंच झाड लावायची अट. लागवड जूनअखेर ते जुलैमध्ये व्हायला हवी. त्यासाठी खड्डे मेमध्येच, किमान तीन फूट खोल, खणून उन्हात तापू द्यायचे आणि पुत्रंजीवा-बकुळीसारखी रोपं जानेवारीतच रोपवाटिकेत सांगून ठेवायची, कारण आठ-दहा फुटांची रोपं आयत्या वेळी मिळत नाहीत आणि मग ठेकेदार जे मिळेल ते आणून लावतो.